जागतिक क्रॉसकंट्री स्पर्धा दरवर्षीची वर्षाआड झाली, त्यात काय हरवले?

माळरान (मुलुंड)

मंडळी, नमस्कार. बरेच दिवस मनात घोळत असलेला प्रश्न आज सविस्तर मांडतो.

१९७३ ते २०११ अशी सलग ३९ वर्षे जागतिक क्रॉसकंट्री (म्हणजे ट्रॅक किंवा रस्त्याऐवजी गवत, चिखल, चढउतार यांवरून धावण्याची) स्पर्धा दरवर्षी भरत असे. त्यानंतर ती वर्षाआड भरू लागली: २०१३ मध्ये पोलंडमधील बिद्गोश्च, २०१५ मध्ये चीनमधील गुईयांग, २०१७ मध्ये युगांडातील कंपाला, २०१९ मध्ये डेन्मार्कमधील ऑर्हूस. मग महासाथ आली, ऑस्ट्रेलियातील बॅथर्स्टची स्पर्धा लांबली आणि ती थेट २०२३ मध्ये झाली. म्हणजे एकच स्पर्धा लांबणीवर पडली आणि मधे चार वर्षांची पोकळी पडली. चांगल्या धावपटूची ऐन भरातली वर्षे साधारण तेवढीच असतात.

माझे मत असे आहे की इतर कोणतीही शर्यत वर्षाआड झाली तर फारसे बिघडत नाही, परंतु क्रॉसकंट्री दरवर्षीच व्हायला हवी. याचे कारण या शर्यतीच्या स्वभावातच आहे. इथिओपियाच्या केनेनिसा बेकेलेने २००५ साली ब्रुसेल्सच्या ट्रॅकवर १०,००० मीटर अंतर २६ मिनिटे १७.५३ सेकंदांत कापले आणि तो विक्रम पंधरा वर्षे उभा होता. त्या पंधरा वर्षांत बेकेले धावला नसता, तरी प्रत्येक शर्यतीत तो आकडा हजर होताच. त्याच बेकेलेने क्रॉसकंट्रीची लांब पल्ल्याची शर्यत सहा वेळा आणि कमी पल्ल्याची पाच वेळा जिंकली, पण तिथे मिनिटा-सेकंदांचा विक्रम म्हणून काहीही मागे उरले नाही, कारण उरूच शकत नाही. एका वर्षी मार्गावर गवत असते, दुसऱ्या वर्षी घोटाभर चिखल असतो, तिसऱ्या वर्षी चढच दुप्पट असतो. ऑर्हूसला तर वस्तुसंग्रहालयाच्या गवताळ उतरत्या छपरावरून धावपटू चढून गेले. अशा शर्यतीत वेळेची तुलना कशाशी करणार? त्या दिवशी त्या जमिनीवर कोण पुढे होते, एवढेच खरे. पुढच्या वर्षी पाटी कोरी. जी शर्यत विक्रमाच्या रूपाने टिकत नाही, ती पुन्हा पुन्हा धावली गेली तरच जिवंत राहते.

आपणास काय वाटते? आणि मुंबईत राहून क्रॉसकंट्री धावलेले कोणी येथे असतील, तर त्यांनी आपले अनुभव अवश्य लिहावेत.

निवृत्त_क्रीडाशिक्षक

विषय चांगला काढलात. केवळ एक भर घालतो. ही परंपरा १९७३ पासून सुरू झाली असे नव्या पिढीला वाटते, पण तिचे मूळ त्याहून ७० वर्षे मागे आहे. १८९८ साली इंग्लंड आणि फ्रान्स यांचे संघ पॅरिसजवळ एकमेकांविरुद्ध धावले. त्यानंतर १९०३ साली स्कॉटलंडमधील हॅमिल्टन येथे इंग्लंड, स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्स अशा चार संघांची पहिली आंतरराष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धा झाली आणि इंग्लंडचा आल्फ्रेड श्रब पहिला आला. फ्रान्स १९०७ मध्ये सामील झाला. पुढे १९७२ पर्यंत, दोन महायुद्धांचा काळ वगळता, ही स्पर्धा दरवर्षी होत राहिली आणि १९७३ मध्ये बेल्जियममधील वारेगेम येथे तिचेच जागतिक स्पर्धेत रूपांतर झाले.

एक गोष्ट मुंबईकरांना जवळची वाटेल. हॅमिल्टनची ती पहिली शर्यत घोड्यांच्या रेसकोर्सवर झाली होती आणि वारेगेमलाही रेसकोर्सच होते. मोकळे गवत, प्रेक्षकांना सगळीकडून दिसणारा मार्ग आणि आखायला सोपी वर्तुळे, असे तिन्ही फायदे तिथे मिळतात. सकाळी महालक्ष्मीला फिरायला जातो, तेव्हा मला दर वेळी वाटते की या शहरात क्रॉसकंट्रीसाठी याहून योग्य जमीन नाही.

दरवर्षीच्या मुद्द्याबद्दल म्हणाल, तर फ्रान्सचा ज्याँ बुवँ आठवतो. १९११, १९१२ आणि १९१३ अशी सलग तीन वर्षे तो ही स्पर्धा जिंकला आणि १९१४ च्या सप्टेंबरमध्ये युद्धात मारला गेला. वर्षाआड स्पर्धा असती, तर त्याच्या वाट्याला या तीनपैकी एक किंवा फार तर दोन विजय आले असते.

प्राजक्ता_ठाणे

मला या खेळातले फारसे कळत नाही, म्हणून एक साधा प्रश्न विचारते. माझी मुलगी नववीत आहे. शाळेच्या क्रॉसकंट्री स्पर्धेत तिच्या संघातली एकही मुलगी पहिल्या पाचांत नव्हती, तरी त्यांचा संघ पहिला आला. मी तिला विचारले, तर ती म्हणाली, "आई, आम्ही सगळ्या जवळजवळ आलो ना!" हे नेमके कसे मोजतात?

चौथा_धावपटू

प्राजक्ताताई, आपल्या लेकीने अगदी मर्मावर बोट ठेवले आहे.

जागतिक स्पर्धेच्या मुख्य शर्यतीत एका देशाचे सहा जण धावू शकतात आणि त्यांतील पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज हे संघाचे गुण असतात. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो संघ पहिला. समजा, एका संघाचे धावपटू १, २, ३० आणि ४० व्या क्रमांकावर आले, तर बेरीज ७३ होते. दुसऱ्या संघाचे १२, १५, १८ आणि २१ व्या क्रमांकावर आले, तर बेरीज ६६ होते. सुवर्ण आणि रौप्य दोन्ही पहिल्या संघाच्या मुलांच्या गळ्यात असतात, आणि तरीही संघाचे विजेतेपद दुसऱ्या संघाकडे जाते. जुन्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत तर नऊ धावत आणि सहा मोजले जात.

माझे टोपणनाव यावरूनच घेतले आहे. नव्वदच्या दशकात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी आमच्या संघाचा चौथा होतो. आमचे पहिले तिघे खरोखर चांगले होते, मी साधा होतो. शेवटच्या चढावर माझ्या पुढे दोन मुले होती. प्रशिक्षक दोरीपलीकडून पळत पळत ओरडत होते, "दोघं! दोघं घे!" तेव्हा मला कळत नव्हते की त्या दोघांना मागे टाकल्याने काय होणार आहे, फक्त एवढे कळत होते की ज्या अर्थी सर धावत आहेत त्या अर्थी ते महत्त्वाचे असणार. दोघांनाही मी मागे टाकले. निकाल लागला तेव्हा आम्ही एका गुणाने जिंकलो होतो.

घरी आल्यावर आईने विचारले, "कितवा आलास?" मी म्हणालो, "एकोणतिसावा." ती काही बोलली नाही, ताट वाढले. मग मी पिशवीतून संघाचा चषक काढला, तेव्हा तिने तो हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारले, "एकोणतिसाव्याला देतात हे?" मी हो म्हणालो.

आकडेमोड

माळरान यांच्या मांडणीचा आदर ठेवून मी असहमती नोंदवतो.

दरवर्षीची स्पर्धा कागदावर सुंदर दिसते, पण शेवटची अनेक वर्षे ती एकतर्फी झाली होती. केनियाच्या पुरुष संघाने १९८६ ते २००३ अशी सलग १८ वर्षे सांघिक विजेतेपद मिळवले. त्याच्या आधीची पाच वर्षे, म्हणजे १९८१ ते १९८५, इथिओपियाची होती. जॉन न्गुगीने पाच वेळा आणि पॉल टेरगाटने १९९५ ते १९९९ अशी ओळीने पाच वर्षे वैयक्तिक शर्यत जिंकली. जो निकाल वर्षभर आधीच सांगता येतो, त्यासाठी दरवर्षी संघ परदेशी पाठवायला किती देश तयार होतील? संघ, प्रशिक्षक, विमानप्रवास, हिवाळ्यातली तयारी, असा सगळा खर्च असतो. युरोपने १९९४ मध्ये स्वतःची वेगळी क्रॉसकंट्री स्पर्धा सुरू केली आणि ती आजही साधारण दरवर्षी डिसेंबरात होते. युक्रेनचा सेर्ही लेबिद ती नऊ वेळा जिंकला. जागतिक स्पर्धेत आपल्या नावाची नोंदही होणार नाही असे वाटणाऱ्या कित्येक युरोपीय धावपटूंना तिथे लढायला कारण मिळाले.

जागतिक स्पर्धा वर्षाआड करण्यामागचा हेतूही हाच होता की मधल्या वर्षी खंडांच्या स्पर्धांना जागा मिळावी. म्हणजे दरवर्षी धावण्याची संधी नाहीशी झालेली नाही. तिचे वाटप बदलले आहे. मला हा निर्णय योग्य वाटतो.

माळरान (मुलुंड)

आकडेमोड, आपले आकडे बरोबर आहेत, पण त्यांतून निघणारा निष्कर्ष मला पटत नाही.

सांघिक निकाल ठरलेला असे, हे मान्य. परंतु केनियाच्या संघात कोण असणार, हे मुळीच ठरलेले नसे, कारण त्यांची राष्ट्रीय निवड-शर्यत जिंकणे जागतिक शर्यतीइतकेच अवघड मानले जाई. आणि वैयक्तिक शर्यतीत दर थोड्या वर्षांनी काहीतरी असे घडे की सगळे गणित उलटे होई. १९८१ साली माद्रिदमध्ये इथिओपियाचे धावपटू प्रथमच या स्पर्धेत उतरले आणि सर्वांच्या पुढे निघून गेले, पण फेऱ्या मोजण्यात चूक झाली. शेवटची फेरी समजून त्यांनी एक फेरी आधीच सगळा जोर लावला आणि अमेरिकेच्या क्रेग व्हर्जिनने त्यांना गाठून विजेतेपद राखले. सांघिक विजय मात्र तरीही इथिओपियाचाच. २००८ मध्ये एडिंबरोला बेकेलेचा बूट निघाला. तो थांबला, बूट पुन्हा घातला, मागे पडला आणि तरीही जिंकला. असे प्रसंग वेळापत्रकात लिहून ठेवता येत नाहीत. ते घडावेत म्हणून शर्यत व्हावी लागते.

ओहोटीकर (वर्सोवा)

मोंबासाचा उल्लेख अजून कोणी केला नाही, याचे मला आश्चर्य वाटते. मुंबईकराने तरी ती शर्यत विसरू नये. २००७ ची जागतिक स्पर्धा केनियात, मोंबासाला झाली. समुद्रकाठ, मार्च महिना, उष्मा आणि अंगाला चिकटून बसणारी दमट हवा. सलग पाच वर्षे अजिंक्य असलेल्या बेकेलेला शेवटच्या फेरीत शर्यत सोडावी लागली आणि एरिट्रियाचा झेर्सेनाय तादेसे जिंकला. माझ्या मित्रांना वाटले की बेकेले आजारी असेल. मी म्हणालो, मार्चमध्ये दुपारी वर्सोव्याला एक तास धावून बघा. आपल्याकडे घाम येतो, पण तो सुकत नाही, आणि न सुकलेला घाम अंग थंड करत नाही.

क्रॉसकंट्री ऑलिंपिकमधून गेली तीसुद्धा उन्हामुळेच. १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भर जुलैच्या उन्हात ३८ जणांनी सुरुवात केली आणि १५ जणांनीच शर्यत पूर्ण केली. पाव्हो नुर्मी जिंकला, पण वाटेत कोसळलेले धावपटू पाहिल्यावर ही शर्यत पुन्हा ऑलिंपिकमध्ये घेतली गेली नाही.

सरावाबद्दल माझा अनुभव सांगतो. मुंबईत डांबर आणि सिमेंट यांखेरीज काही मिळत नाही अशी तक्रार नेहमी ऐकू येते, पण आपल्याला किनारा मिळाला आहे. ओहोटीला पाणी मागे गेले की ओली घट्ट वाळू लागते, तिथून वर कोरड्या वाळूत चढायचे आणि पुन्हा खाली यायचे. कोरड्या वाळूतले दोनशे मीटर म्हणजे पोटऱ्यांची परीक्षाच. वेळ पाहण्यासाठी आमच्या कोळीवाड्यातल्या वडीलधाऱ्यांनी मला जुना हिशेब शिकवला: पक्षातल्या तिथीची पाऊणपट करायची, की साधारण त्या वाजता भरती. अष्टमी असेल तर आठची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ हिशेब आहे, त्यात अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडतो, तेव्हा भरतीचे छापील वेळापत्रक पाहावेच. पण एवढे लक्षात ठेवले तरी पुरते की पौर्णिमा किंवा अमावास्येपासून पुढचे दोन-तीन दिवस सकाळी धावायला किनारा मोकळा मिळतो.

चौथा_धावपटू

ओहोटीकर, १९२४ च्या त्या शर्यतीतली माझी आवडती नोंद वेगळी आहे. तेव्हा प्रत्येक संघाचे तिघे मोजले जात. फिनलंडचे नुर्मी आणि रितोला पहिले-दुसरे आले, पण तिसरा आला नसता तर संघाला काहीच मिळाले नसते. त्यांचा तिसरा धावपटू, हेइक्की लीमाताइनेन, बाराव्या क्रमांकावर पोहोचला आणि म्हणून सांघिक सुवर्ण फिनलंडचे झाले. नुर्मीचे नाव सर्वांना ठाऊक असते. लीमाताइनेनचे नाव मी मुद्दाम लिहितो आहे.

समईची_वात

ओहोटीकर, तिथीची पाऊणपट आजोबांकडून ऐकली होती, पण ती धावण्यासाठी वापरता येते हे आज कळले. आभार.

सह्यकन्या

या चर्चेत स्त्रियांची शर्यत अजून आलेली नाही, म्हणून लिहिते.

वारेगेमच्या पहिल्या जागतिक स्पर्धेत इटलीची पाओला पिन्यी जिंकली. पुढे नॉर्वेच्या ग्रेटे वाइत्झने ही स्पर्धा पाच वेळा जिंकली, आणि त्याआधी जुन्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत अमेरिकेच्या डोरिस ब्राउनने १९६७ ते १९७१ अशी ओळीने पाच वर्षे विजय मिळवला होता. इतक्या ताकदीच्या धावपटू असूनही पुरुषांना १२ किलोमीटर आणि स्त्रियांना त्याहून खूपच कमी अंतर, असे दशकानुदशके चालू राहिले. २०१७ मध्ये कंपालाला प्रथमच दोघांचे अंतर १० किलोमीटर असे समान झाले. दोन पुरुष आणि दोन स्त्रिया प्रत्येकी साधारण दोन किलोमीटर धावतात, ती मिश्र रिलेही त्याच वर्षी आली. ही रिले २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये घ्यावी असा प्रस्ताव होता, तो मान्य झाला नाही. बरोबर शंभर वर्षांनी त्याच शहरात क्रॉसकंट्री परत आली असती.

मी माण तालुक्यातली. शिक्षणासाठी मुंबईत आले तेव्हा मला वाटे की मी मागे पडणार, कारण इथल्या मुलींकडे सिंथेटिक ट्रॅक होता, चांगले बूट होते. पण आंतरमहाविद्यालयीन क्रॉसकंट्रीच्या दिवशी मार्ग पाहिला आणि मन एकदम शांत झाले. ढेकळे, खड्डे, मधे एक ओहळ. ही तर आमच्या शाळेची वाट होती. ट्रॅकवर जी मुलगी मला दर वेळी अर्ध्या फेरीने मागे टाकत असे, ती त्या दिवशी माझ्या मागे होती, कारण पाय कुठे टाकायचा हे तिला प्रत्येक पावलाला बघावे लागत होते आणि मला लागत नव्हते. आमच्याच तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांनी पुढे रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याच्या शर्यतीची) अंतिम फेरी गाठली, तेव्हा मला नवल वाटले नाही.

म्हणून माळरान यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की दरवर्षी व्हायला हवी, पण त्यापेक्षाही अधिक मला असे वाटते की ती खऱ्या जमिनीवर व्हायला हवी. हल्ली शालेय स्पर्धा क्रॉसकंट्रीच्या नावाखाली रस्त्यावर घेतलेल्या मी पाहिल्या आहेत. तिथे गावाकडच्या मुलीचा एकमेव फायदा काढून घेतला जातो.

निवृत्त_क्रीडाशिक्षक

सह्यकन्या यांचे शेवटचे वाक्य प्रत्येक आयोजकाने वाचावे. याच संदर्भात अविनाश साबळे यांचे उदाहरण घ्यावेसे वाटते. बीड जिल्ह्यातील मांडवा गावचा हा मुलगा महार रेजिमेंटमध्ये भरती झाला, सियाचीनला तैनात होता, आणि लष्करातल्या अंतर्गत क्रॉसकंट्री स्पर्धेतून धावण्याकडे वळला. स्टीपलचेस त्यानंतर आली. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ८ मिनिटे ११.२० सेकंदांत रौप्यपदक मिळवले. लष्करातली ती क्रॉसकंट्री नसती, तर हा धावपटू कोणाच्या नजरेस पडला असता, असा प्रश्न मला पडतो.

आकडेमोड

दोन दिवस सर्व प्रतिसाद वाचले आणि माझ्या मताचा काही भाग बदलला, तो प्रामाणिकपणे लिहितो.

जागतिक पातळीवर वर्षाआड स्पर्धा योग्य, असे मला अजूनही वाटते, कारण खर्चाचा प्रश्न खरा आहे. पण चौथा_धावपटू आणि सह्यकन्या यांचे अनुभव वाचल्यावर लक्षात आले की मी ही स्पर्धा फक्त पदकतालिकेतून पाहत होतो. ज्या स्पर्धेत एकोणतिसाव्या क्रमांकावरच्या मुलाचे दोन पावलांचे श्रम निकाल ठरवतात, तिथे केनियाची १८ वर्षे ही फक्त वरची ओळ झाली. तिच्याखाली त्या प्रत्येक वर्षी पाचव्या की सहाव्या स्थानासाठी झगडणारे संघ होते, आणि त्यांचा निकाल मला आजही सांगता येणार नाही.

माळरान, एक विचारतो. तुमचे हे मत इतके ठाम कशामुळे झाले? यामागे स्वतःचा काही अनुभव असावा, असे वाटते.

माळरान (मुलुंड)

आकडेमोड, तुम्ही बरोबर ओळखलेत. मी पहिल्या प्रतिसादात ते लिहिले नव्हते, आता लिहितो.

मी महाविद्यालयात तीन वर्षे धावलो. पहिल्या वर्षी ६२ वा आलो. घाबरून सुरुवातच फार वेगात केली आणि दुसऱ्या फेरीत चालावे लागले. दुसऱ्या वर्षी ३४ वा आलो आणि परत येताना लोकलच्या दारात उभे राहून मी पुढच्या वर्षीचे मनाशी ठरवले. पावसाळाभर येऊरच्या चढावर धावलो. पहिली लोकल पकडून ठाणे, तिथून बस, आणि नऊच्या आत परत वर्गात. तिसऱ्या वर्षी शर्यतीच्या चार दिवस आधी मला मलेरिया झाला. संघ धावला, मी खिडकीतून पंखा पाहत पडून होतो.

आता हीच स्पर्धा वर्षाआड असती, तर माझ्या वाट्याला फक्त ते मधले वर्ष तरी आले असते, किंवा पहिले आणि तिसरे, म्हणजे एकदा चालत गेलेलो आणि एकदा अंथरुणावर. दरवर्षी होती म्हणून मला निदान ६२ वरून ३४ वर येता आले. जागतिक स्पर्धेत जे देश पदकाच्या जवळपासही नसतात, त्यांच्या धावपटूंचे हिशेब मला असेच असतील असे वाटते.

ओहोटीकर, येत्या अमावास्येनंतरच्या रविवारी सकाळी सहाला मी वर्सोव्याला येतो. अजून कोणी येणार आहे का?

चौथा_धावपटू

मी येतो. पन्नाशीच्या आसपासचा हिशेब आहे माझा, तेव्हा वेगाची अपेक्षा ठेवू नये.

सह्यकन्या

मीही. म्हणजे ओहोटीकर धरून चौघे झालो.

प्राजक्ता_ठाणे

माझ्या मुलीने हा सगळा धागा वाचला आणि ती पाचवी म्हणून येते म्हणते आहे. तिला स्पाईक्स नुकतेच घेतले आहेत. वाळूत ते चालतील का?

ओहोटीकर (वर्सोवा)

प्राजक्ताताई, अवश्य आणा. स्पाईक्स मात्र घरीच ठेवावेत, ओल्या वाळूत खिळ्यांची गरज पडत नाही आणि खारे पाणी त्यांना गंज आणते. जुने साधे बूट घालून यावे, कारण भरतीरेषेजवळ शिंपल्यांच्या कडा आणि कधी कधी काचाही असतात. अनवाणी धावायचे असेल तर मी आधी पट्टा तपासून खुणा लावून ठेवतो. कोळीवाड्याच्या बाजूने या, तिथे बोटी ओढून ठेवलेल्या असतात. तिथून सुरुवात करू.